मरिंबात अडीच घागरी

एकोणीसच्या दुष्काळात जालिंदरनं एक साधा निर्णय घेतला, की दारात आलेलं पाणी माघारी जाऊ द्यायचं नाही. यात चुकलं काय, असं तो अजूनही विचारतो. (उत्तर द्यायला कुणी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.)

जालिंदर आष्टी तालुक्यातल्या आपल्या गावात सेवा सोसायटीचा सेक्रेटरी. त्याची बायको उत्पला मात्र नावाजलेली वादक. भीमजयंतीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवणाऱ्या वडिलांच्या मांडीवर ती तालात वाढली, पुण्यात शिकली, पुढं हॉलंडला जाऊन मरिंबा शिकून आली. मरिंबा म्हणजे साडेआठ फुटांची लाकडी पट्ट्यांची रांग, आणि प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमवायला एक धातूची नळी. नळी वरून उघडी, खालून बंद. वाजवायचं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून.

"चार कावून? दोनात भागत न्हाई का?" सासूबाईंनी, म्हणजे केशरबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

तर हॉलंडच्या एका महोत्सवात नव्या रचना वाजवायला जगभरातून सहा जणांना बोलावणार होते. त्यासाठी रेकॉर्डिंग पाठवायचं होतं, आणि मुदत दोन दिवसांवर आलेली. पुण्यातले स्टुडिओ उत्पलाला पटेनात. अशात ती सुट्टीला पुण्याहून गावी आली असताना तिनं सोसायटीच्या गोदामात सहज टाळी वाजवून बघितली. यंदा पीकच नव्हतं, गोदाम रिकामं. टाळी अशी काही घुमली की बाई हरखून गेली. चेअरमन गहिनीनाथरावांनी किल्ली दिली, मरिंबा टेम्पोनं पुण्याहून आला, आणि अंगणात उतरला.

"मी रेकॉर्डिंगवाल्याला आणायला आष्टीला चाललेय," उत्पला म्हणाली. "तुम्ही फक्त लक्ष ठेवा. हात लावू नका."

"मी कशाला हात लावतोय?" जालिंदर म्हणाला. (तेव्हा तो खरंच बोलत होता.)

ती गेली आणि टँकर आला. चार दिवसांनी आला होता. बघता बघता हंडे भरले, घागरी भरल्या, कुकर, जेवणाचे डबे, लग्नात आलेला थर्मासही भरला. टँकरवाला शहादेव ओरडला, "सेक्रेटरी, आजून हाय पानी. घेता का, का जाऊ फुडं?"

"थांब बे! जरा थांब!" जालिंदरची नजर अंगणभर फिरली आणि चौकटीला टांगलेल्या नळ्यांवर येऊन थांबली. जाड्या जाड्या, चकचकीत, बुडाला बंद. अशा बारा. पाइप आत गेला.

"लई झ्याक भांडी हायती," केशरबाई कौतुकानं म्हणाल्या. "सांडत बी न्हाई."

अडीच घागरी पाणी बसलं. उत्पला यायच्या आत काढून ठेवू, असा त्याचा बेत होता. पण काढून ठेवणार कशात? घरात वाटीसुद्धा रिकामी नव्हती, आणि पाणी मातीत ओतलं असतं तर केशरबाईंनी त्यालाच घराबाहेर ओतला असता. तेवढ्यात उत्पला आलीच, रेकॉर्डिंगवाल्या सुग्रीवला घेऊन.

"सहाच्या गाडीनं मला परत जायचंय, मॅडम," सुग्रीव घड्याळ दाखवत म्हणाला.

जालिंदरनं सांगायचं पुढं ढकललं. मग सहा माणसं बोलावून ती नळ्यांची रांग गोदामापर्यंत अशी नेली, की नवरदेवाला कुणी इतकं अलगद नेलं नसेल. "सरळ धरा! हलवू नका! खड्डा हाय, खड्डा!" असं ओरडत तो पुढं चालला होता.

उत्पलाचे डोळे भरून आले. "पहिल्यांदाच माझ्या वाद्याला इतकं जपताय तुम्ही."

जालिंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोदामात सगळं गाव सतरंज्यांवर बसलेलं. उत्पलानं वाजवायला घेतलं. वरच्या पट्ट्या चांदीसारख्या वाजल्या. मग ती खालच्या पट्ट्यांवर आली आणि आवाज आला, भद्. भद्. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. तिनं पुन्हा मारलं. भद्. वाकून नळीत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं, आणि मान वर करून थेट नवऱ्याकडं बघितलं.

"टँकर आलता," जालिंदर म्हणाला.

सुग्रीवनं कपाळावर हात मारला. साडेचार वाजले होते. नळ्या उतरवून, पुसून, परत लावायला वेळ कुठला? उत्पला खाली बसली, आणि तिचा चेहरा बघून जालिंदरला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वर्षभराचा तिचा रियाज त्यानं पाण्यात घातला होता.

उठल्या त्या केशरबाई. कोपऱ्यातल्या फवारणी पंपाची नवी कोरी नळी घेतली, पट्टीखालून आत सोडली, तोंडानं ओढली आणि खाली घागर धरली. पाणी धारेनं यायला लागलं. उत्पलानं सहज त्या पट्टीवर काठ्या फिरवल्या. पाणी उतरत गेलं तसा तो मुका आवाज उघडत गेला, फुलला, आणि शेवटी सगळं गोदाम दणाणून गेलं.

उत्पला ताडकन उभी राहिली. "आई, थांबा! पुन्हा पहिल्यापासून. मी मान हलवली की ओढायचं, भुवई उडवली की दाबून धरायचं. जमेल?"

"आगं, नांगरामागं उभी जिंदगी गेली. ह्ये काय जड हाय?"

सुग्रीवनं बटण दाबलं. पुढची वीस मिनिटं चार काठ्या आणि एक नळी एकमेकींशी बोलत होत्या. कागदावरची रचना बाजूला राहिली. एकेक सूर पाण्यातून वर यायचा, आणि केशरबाई बोटानं धार अशी रोखायच्या की श्रोते श्वास धरून बसायचे. शेवटचा सूर विरला. मग गहिनीनाथरावांनी टाळी वाजवली आणि गोदामानं ती दहापट करून परत दिली.

मार्चमध्ये पत्र आलं. उत्पलाची निवड झाली होती. 'आणि पाणी वाजवणाऱ्या कलाकारालाही सोबत आणावं,' असं पुढं लिहिलं होतं.

जालिंदर त्याच दिवशी आष्टीला जाऊन पासपोर्टचा फोटो काढून आला. सोसायटीत पेढे वाटले. "पानी मीच भरलंतं ना," तो ज्याला त्याला सांगत होता.

"अहो," उत्पला हळूच म्हणाली, "त्यांनी आईंना बोलावलंय."

मे महिन्यात सासू-सुना विमानात बसल्या. जाताना केशरबाईंनी बजावलं, "म्हशीला छावणीवर घिऊन जा. आन् तिच्याजवळच ऱ्हा, ती एकटी खात न्हाई."

जालिंदर गेला. चारा छावणीच्या फाटकावर त्यानं बायको कोण, आई कुठं गेली, हे सगळं सविस्तर सांगितलं. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं आणि रजिस्टरात नोंद केली: 'म्हैस एक. सोबत इसम एक.'