पुढून दीड इंच खाली

"गाडी असावी तर रस्त्याला चाटून जाणारी!" पिंपळीचा अविराज पारावर बसून छातीठोकपणे सांगायचा. नुकतीच त्याने जुन्या बाजारातून लाल, फुरफुरणारी, शर्यतीच्या जातीची गाडी आणली होती. पिंपळीच्या रस्त्यावर असली गाडी म्हणजे चिखलात पैठणी!

त्याचे वडील आबासाहेब पेरूवाले. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "ऐतवारी अनिताचा साखरपुडा हाय इंदापुरात. तुझं ह्ये खेळणं आमाला नेऊन आणील, तर ठेव. कुठं अडलं, तर इकायचं अन् पिकअप घ्यायचा!"

शहाण्या माणसाने गाडीला हात लावला नसता. पण बहीण अनिताचा होणारा नवरा राजवर्धन! त्याची गाडी म्हणे पार जमिनीला टेकवलेली. त्याच्यापुढे कमी कसं पडायचं? अविराजने पुढचे नवे शॉकप मागवले. चकती फिरवली की गाडी खाली-वर होते, असले.

शनिवारी बारामतीत झुंबर मिस्त्रीच्या गॅरेजवर गाडी लावली, काचेवर चिठ्ठी चिकटवली आणि साहेब दाढी कोरायला गेले. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'नवे शॉकप बसवणे. पुढून दीड इंच खाली.'

परत येऊन बघतो तर काय! मानपान न मिळालेल्या मामासारखी गाडी नाक वर करून उभी!

"मिस्त्री! हे काय?"

"पुढनं दीड इंच खाली व्हती न्हवं? अडीच उचलली. एक इंच आपल्याकडनं!"

"अहो, खाली पाहिजे होती!"

झुंबर मिस्त्री खवळला. तीस वर्षं उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त केलेला माणूस तो. गाडी खाली करायला कुणी पैसे देतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं. "मग तसं लिवायचं! चिठ्ठीवर माणूस दुखणं लिवतो, नवस न्हाय!"

आणि शटर ओढून तो सासुरवाडीला निघून गेला.

रविवारी काचेतून नुसतं आभाळ दिसत होतं. वाटेत गतिरोधक तर असे, की प्रत्येकाखाली एकेक म्हैस पुरलीय! गाडी टणाटण सगळे ओलांडत गेली. कार्यालयाच्या फाटकात मात्र राजवर्धनची गाडी गतिरोधकावर पोट टेकून, दगडावर कासव ठेवावं तशी अडकलेली. नवरदेव शेरवानीत घामाघूम! आबासाहेबांनी दोरखंड बांधला, अविराजने एक्सलेटर दाबला आणि जावई गाडीसकट मांडवात!

आबासाहेबांची मिशी फुलली. "अवि, न्हाय इकायची ही! फकस्त मागनंबी उचलून घे. पेरूचे कॅरेट न्हेऊ."

पेरू तर पेरू, गाडी वाचली! सोमवारी अविराज शहाणा झाला होता. चिठ्ठीवर दुखणंच लिहायचं! त्याने लिहिलं, 'मागून दीड इंच खाली.' चिठ्ठी लावली आणि चहाला गेला.

इकडे झुंबर मिस्त्रीही शहाणा झाला होता. चिठ्ठी वाचून म्हणाला, "ह्या गड्याला समदं खालीच लागतंय!" आणि मागच्या स्प्रिंगा कापल्या. अडीच इंच. एक आपल्याकडनं!

अविराजने घाबरून गाडी गोठ्यामागे लपवली. पण मंगळवारी सकाळी, तो अंघोळीला गेल्यावर आबासाहेबांनी ती शोधून पंधरा कॅरेट भरलेसुद्धा! अविराजला ती हाकावीच लागली. मार्केट यार्डाच्या फाटकात गाडी कुत्रं बसावं तशी मागच्या अंगावर बसली. पुढचे पाय ताठ, तोंड वर. मागे पिकअपची रांग, आणि एकेकाचा हॉर्न असा की पेरू पिकावेत!

आबासाहेब शांतपणे खाली उतरले. "काढ कागद."

"काय लिहू, आबा?"

"लिव, 'विकणे आहे'."

रडवेल्या अविराजने चिठ्ठी काचेवर चिकटवली. तेवढ्यात एक व्यापारी आला. चिठ्ठी वाचली, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली. अविराज लगबगीने पुढे झाला.

"काय भाव?"

"तुम्हीच बोला! इंजिन एकदम..."

"आरं, पेरूचा सांग! ह्ये बसकं कोण घेतंय?"