न गळणाऱ्या रेडिएटरचा प्रश्न

कोणत्याही यंत्राची थोरवी ते चालताना किती काम करतं यावरून मोजू नये. ते थांबल्यावर भोवती किती माणसं उभी राहतात, यावरून मोजावी. या कसोटीवर आमच्या खेड-हवेली दूध व भाजीपाला वाहतूक सहकारी मंडळीच्या पिकअपची बरोबरी करणारं यंत्र त्या काळी उभ्या पुणे जिल्ह्यात नव्हतं. पिंपरीला तेव्हा औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, आणि वर्तमानपत्रांतून त्याची बरीच वाहवा व्हायची. होवो बापडी. पण त्या कारखान्याला कुणी कधी हळदकुंकू वाहून, हलगी वाजवून पाणी पाजलं होतं का? आमच्या गाडीला रोज पाजत होते.

गाडी लढाईतली. लढाई संपल्यावर लष्करानं ती लिलावात काढली आणि आमचे चेअरमन उद्धवराव यांनी स्वतः टायरला लाथ मारून पसंत केली. (टायर उत्तमच निघाले.) पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. पहाटे चाकणहून निघायचं, वाटेत गावोगावचं दूध नि भाजी घ्यायची आणि उन्हं चढायच्या आत पुण्यात पोचायचं, असा मंडळीच्या पोटनियमात स्पष्ट उल्लेख आहे. त्यात 'उन्हं कोणत्या दिवशीची' हे लिहायचं राहून गेलं.

इंजिन थंड ठेवायला गाडीच्या नाकाशी पाण्याची जी जाळीदार टाकी असते, ती रेडिएटर. आमची गळत होती. पहिल्याच आठवड्यात मोशीच्या चढाला गाडी वाफ सोडत थांबली आणि तिथले सोपानराव पाटील यांनी मोठ्या मनानं कळशीभर पाणी आणून ओतलं. दुसऱ्या दिवशी गाडी तिथंच थांबली, पण पाणी भलत्यानंच ओतलं. झालं! सोपानराव कळशी घेऊन आले ते लालबुंद होऊन. "काल म्या घातलं, मंग आज ह्यो कोन टिक्कोजीराव?" अशा रीतीनं मोशीचा मान ठरला. आपल्याकडे एखादी गोष्ट दोनदा घडली की तिचा रिवाज होतो आणि तिसऱ्यांदा तिच्यापायी डोकी फुटतात.

आता मोशीला मान आहे म्हटल्यावर बाकीची गावं काय हातावर हात धरून बसणार? कुरुळीनं अर्ज केला, चिंबळीनं केला, भोसरीनं अर्ज न करता पैलवान पाठवले. कासारवाडीचं म्हणणं असं की, आमच्याकडे रेल्वे स्टेशन आहे, तेव्हा वाफेचं आम्हाला जास्त कळतं. पण रेडिएटर इतका उदार की त्यानं कुणाला नाराज केलं नाही. प्रत्येक गावाच्या वेशीवर तो वेळेवर रिकामा व्हायचा. एवढी समदृष्टी मी एकाही पुढाऱ्यात पाहिली नाही.

प्रत्येक गावाची रीत निराळी. कुरुळीत नव्या नवरा-नवरीनं देवाआधी गाडीला पाणी घालायचं. चिंबळीत बॉनेटला गुलाल. (एकदा तो आत गेला आणि आमचा ड्रायव्हर कादर आठवडाभर लालेलाल होऊन हिंडला.) मोशीत हलगी आणि सोपानरावांचं दोन शब्द बोलणं, ते दोन शब्द संपेस्तोवर इंजिन आपोआप थंड व्हायचं, त्यामुळे पाणी हे पुष्कळदा निव्वळ मानाचंच असे. भोसरीत पैलवान एका हातानं घागर उचलून ओतणार आणि निम्मं पाणी कादरच्या मांडीवर सांडणार. कादरची तक्रार नव्हती. गावोगाव त्याला चहा मिळे, आणि 'ड्रायव्हरसाहेब' अशी हाक. माणसाला आणखी काय लागतं?

या सगळ्या आनंदात एक बाई मात्र पहिल्यापासून तोंड वाकडं करून होती. कुरुळीच्या रुक्मिणीबाई. नवरा गेलेला, शेत नाही, घरात एक म्हातारी सासू आणि गोठ्यात चंद्री नावाची म्हैस. चंद्रीचं दूध आमच्या गाडीनं पुण्याला नारायण पेठेत रतिबाला जायचं. निघताना ते दूध असे. दुपारी पोचेपर्यंत बरंचसं आंबूस झालेलं असे, आणि उन्हाळ्यात तर पातेलं चुलीवर ठेवताच फाटे. एकेक घर रतीब बंद करत गेलं आणि घरं निम्म्यावर आली होती. उरलेलीही गेली की चंद्रीला बाजार दाखवायचा आणि सासूसुनेनं लोकांच्या बांधावर मजुरीला जायचं, एवढा हा साधा मामला होता. त्यात संस्थेच्या इतिहासाचा किंवा गावांच्या अस्मितेचा कसलाच विचार नव्हता, हे मला खेदानं नमूद करावं लागतं.

पुढे रेडिएटर इतका थकला की भोसरीत भरलेलं पाणी कासारवाडीपर्यंत पुरेना, आणि वेशीअलीकडेच भलत्याच कुणाच्या तरी हातून भरावं लागे. कासारवाडीकर अपमान समजून रस्त्यावर बसले. तेव्हा कुठे मंडळीनं रेडिएटर-निवड उपसमिती नेमली. अध्यक्ष उद्धवराव, सदस्य प्रत्येक गावाचा एकेक मानकरी, चिटणीस मी. रुक्मिणीबाईंना निमंत्रण नव्हतं. त्या आल्या आणि दारात बसल्या.

कासारवाडीचे युसुफभाई मिस्त्री यांनी तीन रेडिएटर आणून ओळीनं मांडले आणि तिघांवर सारखंच प्रेम करत म्हणाले, "साहेब, तिन्ही फर्स्ट क्लास. डोळे झाकून घ्या." उपसमितीनं डोळे उघडे ठेवून पाहणी केली, ती अशी.

पहिला, मुंबईहून आलेला, कोरा करकरीत. यात चाकणला पाणी भरलं की थेट पुणं. सोपानरावांनी घसा खाकरून विचारलं, "म्हंजी मदी कुटंच लागत न्हाई?" युसुफभाई अभिमानानं म्हणाले, "थेंबसुद्धा नाही." त्यावर हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे काय, अशी पृच्छा करण्यात आली.

दुसरा, मोडीत काढलेल्या एका बसचा. डाग देऊन देऊन निम्मं अंग शिशाचं झालेलं. याला वाटेत दोनदा पाणी लागेल. दोनदा म्हणजे दोन गावं. पण कोणती दोन, या मुद्द्यावर चिंबळीच्या सदस्यानं मोशीच्या सदस्याची टोपी विहिरीत टाकली, तेव्हा हा विषय तहकूब झाला.

तिसरा खडी फोडायच्या यंत्राचा. हा गाळणीच्या जवळपास होता. याला फर्लांगाफर्लांगावर पाणी लागणार, त्यामुळे मधल्या वाड्यावस्त्यांनाही मान देता येईल, असं उद्धवराव उत्साहानं म्हणाले. परंतु मान वाड्यावस्त्यांनाही मिळू लागला तर मग गावाला काय अर्थ उरतो, हा सोपानरावांचा सवाल बिनतोड होता. तिसराही बाद.

एवढ्यात दारातून रुक्मिणीबाई बोलल्या. "कोरा घ्या की. माजं दूध नासतंय. त्या म्हशीवर दोन बायांचं प्वाट हाय."

उद्धवराव मृदू आवाजात म्हणाले, "बाई, तुमची भावना समिती समजून आहे. पण एका म्हशीसाठी पाच गावं उघडी पाडायची का?"

"पाच गावं येका टाकीत बुडायल्यात, ते दिसंना व्हय तुमास्नी?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. हे वाक्य इतिवृत्तात घेतलं नाही, कारण ते सूचनेच्या स्वरूपात नव्हतं.

कोंडी फोडली ती युसुफभाईंनी. त्यांना तिन्हीपैकी कोणता तरी खपवायचाच होता, आणि खपवायचाच तर महाग तो खपवावा असं त्यांना वाटलं, यात गैर काय? ते म्हणाले, "कोरा घ्या. मी खाली पितळेची तोटी बसवून देतो. गाव आलं की तोटी सोडायची, सगळं पाणी काढून टाकायचं, आणि मग ज्याचा मान त्यानं भरायचं. गळतीच्या भरवशावर कशाला राहता? उद्या गळाली नाही तर?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. उपसमितीनं एकमतानं कोरा रेडिएटर घेतला, आणि रुक्मिणीबाईंची मागणी शब्दशः मान्य झाल्याबद्दल त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. त्या उठून गेल्या. काही माणसांना कितीही द्या, समाधान म्हणून नसतं.

नवी पद्धत फारच यशस्वी ठरली. पूर्वी गाडी गावात तापून यायची. आता न तापता यायची, म्हणून पाणी काढण्यापूर्वी इंजिन रेस करून तापवावं लागे, कारण थंड गाडीला पाणी घालण्यात कसला आलाय मान? मग वाफ येई, मग तोटी निवेपर्यंत थांबणं आलं, मग भाषणं. काढलेलं कोमट पाणी गुडघेदुखीवर गुणकारी आहे असा बभ्रा झाला आणि तांबे घेऊन रांगा लागल्या. गाडी पूर्वी दुपारी पुण्यात पोचायची, ती आता दिवेलागणीला पोचू लागली. मात्र रेडिएटर एक थेंबही गळत नव्हता, हे मी वार्षिक अहवालात ठळकपणे मांडलं.

रुक्मिणीबाईंचा रतीब आणखी गळाला. ज्यांना तसलं दूध चालत नव्हतं, ती घरं सुटली. जी उरली, ती टिकली. पोरीबाळींसारखं जपलेल्या चंद्रीला आता एखाददुसऱ्या महिन्यात विकावं लागणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सोपानराव तर खरंच हळहळले. म्हणाले, "लई गुनाची म्हस."

आणि एका पहाटे रुक्मिणीबाई दुधाची किटली घेऊन चाकणपर्यंत चालत गेल्या आणि ती मांडीवर घेऊन कादरच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसल्या.

"कादर, आज गाडी मदी थांबवायची न्हाई."

"मावशी, असं कसं? लोक मला गावात पाय ठेवू देणार नाहीत."

"मंग ठिवू नगं. गाडीतच बस."

कादरनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, आणि गाडी सोडली. कुरुळीत नवी नवरी तांब्या घेऊन उभीच राहिली. चिंबळीचा गुलाल हवेत उडाला तो उडवणाऱ्याच्याच डोक्यावर पडला. मोशीत सोपानराव कळशीसकट गाडीमागे पळाले, हलगीवाला त्यांच्यामागे पळाला आणि पळता पळताही वाजवत राहिला. भोसरीचे पैलवान आडवे आले होते, पण कादरनं डोळे मिटले तसे ते बाजूला झाले. गाडी न थांबता, न तापता, थेट नारायण पेठेत. सूर्य नुकता वर येत होता. किटलीचं झाकण उघडलं तर वर फेस, आणि दूध धारोष्ण म्हणावं इतकं ताजं. रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या कादरला म्हणाल्या, "बग, आज माज्या चंद्रीचं दूध पुण्यानं पयल्यांदा बगितलं."

पुण्यानं बघितलं. पहिल्या घरानं वास घेतला आणि भुवया चढवल्या. दुसऱ्या घरानं बोट बुडवून चाखलं आणि म्हटलं, "बाई, ही भेसळ आहे. आमच्या दुधाला कशी एक खमंग आंबूस चव असते. हे अगदीच गुळमट. पावडर कालवलीत का?" तिसऱ्या घरात तर चाखलंही नाही; इतक्या सकाळी आलेलं दूध कालचंच असणार, एवढं तिथल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळत होतं. संध्याकाळपर्यंत उरलासुरला सगळा रतीब बंद झाला. चंद्री पुढच्याच बाजारी गेली. रुक्मिणीबाई खुरपणीला जातात, आणि गाडी पुन्हा पाचही गावांत थांबते.

यात कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ती तीन-चार घरं कोणाची, हेही मी सांगणार नाही. पण आपण आज सकाळी चहाचा घोट घेताना "हल्लीच्या दुधाला ती जुनी चवच नाही राहिली" असं म्हणालात ना? अगदी खरं आहे आपलं. ती चव आम्ही घालत होतो, पाच गावांत थांबून.