हाय म्हणजे आहे

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या साळवे बाई फोनशी भांडतात. फोनवर नव्हे, फोनशी. आम्ही नगरच्या सावेडीत राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोरून आवाज आला, "अगं ए बये, हाय म्हंजी आहे! तुझं विंग्रजी हाय न्हाई ते!" त्यावर एक गोड, थंड आवाज म्हणाला, "हाय! मी तुमची काय मदत करू शकते?" मग काहीतरी आपटलं. मी आत येऊन बायकोला सांगितलं की समोर सासू-सुनेचं जुंपलंय, आपण मध्ये पडायचं नाही. सून भलतीच सोशिक दिसते, यावरही आमचं एकमत झालं.

पुढे कळलं की तिथे सून नाही आणि सासूही नाही. बाई एकट्याच राहतात. जामखेडकडच्या एका हायस्कुलात त्यांनी जन्मभर कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्त होऊन नगरला आल्या. ती सोशिक सून म्हणजे फोनमधली बाई, जिला तोंडी काम सांगता येतं.

मला नवल वाटलं ते त्या 'हाय'चं. कारण एरवी साळवे बाईंचं मराठी इतकं स्वच्छ, की त्यांच्यासमोर उभा राहिलो की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. चर्चमध्ये बायबलवाचन त्यांच्याकडेच असतं. "पवार, आपण काल जिन्यातला दिवा मालवायला विसरलात," हे त्या अशा काही म्हणतात की दिव्यालाही शरम वाटावी. आणि अशी बाई बंद दाराआड फोनला 'बये' म्हणते!

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे "सेव्ह केलं का?" शाळेत दिवसातून कितीदा वीज जाई याला धरबंध नव्हता, त्यामुळे तास चालू असताना बाई दर थोड्या वेळानं ओरडत, "सेव्ह करा रे!" सवय हाडीमाशी खिळली. माझी बायको लोणचं घालते तेव्हा बाई बरणीकडे बघून विचारतात, "सेव्ह केलं का?" म्हणजे झाकण घट्ट लावलं का. आमच्या भाच्याच्या लग्नात नवरा-नवरी पाया पडायला आले, तेव्हाही त्यांच्या तोंडून हेच गेलं. नवरीनं घाबरून हातातला मोबाईल पाहिला.

शाळेतल्या त्या कॉम्प्युटरच्या गोष्टी बाईंकडूनच ऐकाव्यात. खोलीला पडदे, बाहेर चपला काढायच्या, आत गेल्यावर हळू बोलायचं. मशीनं मोजकी, मुलं वर्गभर. म्हणून बाईंनी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढायला लावले आणि पोरं पुठ्ठ्यावर टाईप करायला शिकली. एका खंडेनवमीला मुख्याध्यापकांनी हौसेनं मशीनची पूजा केली, आणि हळद-कुंकू नेमकं स्पेसच्या बटणात गेलं. ते पुन्हा उठलंच नाही. नवा कीबोर्ड येईपर्यंत शाळेची सगळी पत्रं एकही जागा न सोडता लिहिली गेली. "आणि पवार, त्या पत्रांना उत्तरंही आली," हे सांगताना बाईंना अजून हसू आवरत नाही.

तेव्हा त्या मुलांना सांगत की मशीन हुशार नसतं, आज्ञाधारक असतं. आता त्यांचं मत पालटलंय. "आता ते आज्ञाधारकही राहिलं नाही," त्या म्हणतात. "मी 'गेल्ते' म्हणाले की ते 'गेले होते' लिहितं. विचारलं होतं का त्याला?"

पण बाई नुसत्या चिडून बसणाऱ्यातल्या नव्हेत. निवृत्तीच्या वयात त्यांनी नव्यानं अभ्यास सुरू केला. ऐकून समजणारी जी मशीनं निघाली आहेत, ती शिकतात कशी, हे त्यांनी इंटरनेटवरच्या वर्गांतून समजून घेतलं. एआयकडून प्रोग्राम लिहून घ्यायच्या, कागदावर छापायच्या आणि लाल पेनानं तपासायच्या. मी एकदा एक कागद पाहिला. वर शेरा होता, "दहापैकी सहा. समास पाळलेला नाही." मला त्या एआयची खरंच दया आली.

एक दिवस त्यांनी मला सरळ सांगितलं, "त्याचा दोष नाही, पवार. त्याला जे ऐकवलं तेवढंच त्याला येतं. आपलं बोलणं त्याला कुणी ऐकवलंच नाही."

मग ऐकवायची मोहीम निघाली. बाई फोन पुढे करून भाजीवाल्यांना, रिक्षावाल्यांना, इस्त्रीवाल्याला बोलतं करू लागल्या. "हाय का?", "न्हाई का?", "हुतं का?" अशी वाक्यं प्रत्येकानं आपापल्या ढंगात म्हणायची. भाजीवालीनं मेथीची जुडी हातात धरून इतकं सुरेख "हाय की वं!" म्हटलं, की बाईंनी तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. अडचण झाली ती आमच्याच बिल्डिंगमध्ये. इथले सगळे खेड्यातून आलेले, पण कबूल कुणी होईना. तिसऱ्या मजल्यावरचे लगड साहेब, बँकेतले, मूळचे काष्टीचे. ते म्हणाले, "आमच्या घरात पहिल्यापासून शुद्धच बोलतात."

त्याच आठवड्यात एक टेम्पो मागे घेताना लगड साहेबांच्या नव्या स्कूटरला टेकला. साहेब गॅलरीतून गरजले, "आरं ए, डोळं काय काष्टीच्या बाजारात इकून आला व्हय! माजी गाडी हाय ती, माजी!" सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. तेवढ्यात खालच्या गॅलरीतून फोन धरलेला एक हात वर आला आणि साळवे बाईंचा स्वच्छ आवाज आला, "लगड साहेब, फार उत्तम. पुन्हा एकदा म्हणाल? टेम्पोचा आवाज मध्ये आला."

एवढा खटाटोप कशासाठी, ते बाई कुणाला सांगत नसत. मला मात्र माहीत होतं की तो त्यांच्या आक्कांसाठी आहे. आक्का म्हणजे थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच यांना वाढवलं आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपून शिकवलं. आता त्यांची दृष्टी गेलीय आणि बोटांना बटण कळत नाही. जामखेडच्या पलीकडच्या गावातलं घर सोडून त्या नगरला यायला तयार नाहीत, कारण शेरडं कोण बघणार. म्हणून बाईंनी त्यांच्या गळ्यात बोलून चालणारा फोन अडकवला होता.

"'शांतीला फोन लाव' एवढंच म्हणायचं होतं," बाई, म्हणजे आक्कांची शांती, मला म्हणाल्या. "आक्का नाही म्हणाली. कुणाच्या दारात गेलं की आधी 'हाय का घरात?' असं विचारायचं असतं, हुकूम सोडायचा नसतो, म्हणाली. आता या वयात मी आक्काला बदलू? मग मशीन बदलायचं."

मशीन बदललं तेव्हा मी माझ्या गाडीतून बाईंना गावाला घेऊन गेलो. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि आक्कांनी मला जवळ बसवून घेतलं. गळ्यातल्या फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यातली पोरगी लई चांगली हाय. पर जरा इसराळू."

"का हो, आक्का?"

"मागं म्या इचारलं, शांती हाय का. तर म्हनली, हाय. म्या म्हनलं, मंग दे की तिला. तर गपच. म्हनलं बोलवाय गेली आसंल. मंग बसले फोन धरून."

मी विचारलं, "किती वेळ बसलात?"

"शेरडं घरी आली तवर. मंग तिला म्हनलं, ऱ्हाऊ दे बाई. कामात आसंल ती. जेवून घे म्हनावं." आणि आक्का हसल्या. त्यांच्या मनात राग म्हणून नव्हता.

बाई कपबशा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना हे आधीच माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ती सकाळची भांडणं, ती आपटाआपट, सगळं मला एकदम उमगलं. त्या दिवशी फोनवर शांती नव्हतीच, मशीननं आपलं इंग्रजी 'हाय' म्हटलं होतं.

बाईंनी कपबशा खाली ठेवल्या, आक्कांचा फोन घेऊन त्यात नव्यानं शिकवलेलं मशीन घातलं आणि पुन्हा गळ्यात अडकवला. "विचार आता, आक्का."

आक्कांनी पदर सारखा केला. शेजारच्या दारात उभं राहून विचारावं तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "शांती हाय का?"

काहीच झालं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पर्समधला फोन वाजला.

त्या पर्ससकट थेट अंगणात, शेरडांपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. खोकून घसा साफ केला. मला वाटलं, आता काहीतरी स्वच्छ, नेमकं बोलतील.

"हाय, आक्का," त्या म्हणाल्या. "हाय मी."

आक्कांनी फोनवर तळहात झाकला आणि माझ्याकडे वळून आनंदानं सांगितलं, "हाय बरं का ती."