मोबाईलमधला रिमोट आणि बापूसाहेबांचे कान

वॉशिंग मशीनमधून सोफ्याची खोळ बाहेर काढली, तर तिच्या घडीतून टीव्हीचा रिमोट निघाला. लख्ख धुतलेला आणि पूर्ण मेलेला. विनताने तो पदराला पुसून नवऱ्यासमोर धरला.

“मी म्हणत नव्हते, घरातच आहे म्हणून?”

“अगं, धुवून काढलास तू त्याला!” गुणवंतराव ओरडले.

“मग तुम्ही काहून खोळीत कोंबून ठेवता? मी काय प्रत्येक खोळीची झडती घेऊ?”

गुणवंतराव पिंपळापुरे रांझीच्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन महाराजपुरातल्या घरात राहायला आले होते. आयुष्यभर यंत्रांशी झटापट केलेला माणूस. त्यांनी रिमोट उघडला, उन्हात ठेवला, तांदळाच्या डब्यात पुरला, तळहातावर आपटला. रिमोटने दाद दिली नाही. शेवटी त्यांनी भोपाळला मुलीला, रुचिराला फोन लावला.

“बाबा, आपके फोन में ही रिमोट है,” रुचिरा म्हणाली. “फोनच्या वरच्या कडेला काळा ठिपका दिसतो ना? त्याच्यातून किरण निघतात. ॲप उघडा, टीव्हीची कंपनी निवडा, बस.”

“फोनमध्ये रिमोट? आणि फोन कोणी धुतला तर?”

“तो मत धुलवाइए ना, बाबा!”

ॲप सापडलं. पण त्यातली बटणं इतकी बारीक की गुणवंतराव चष्मा वर-खाली करत उजेडासाठी खिडकीपाशी गेले. मार्च संपत आला होता, कूलर अजून बसले नव्हते, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. त्यांनी एक बटण दाबलं. घरातला टीव्ही ढिम्म हलला नाही. समोरच्या घरातला निवेदक मात्र “देश जानना चाहता है कि” एवढं बोलून गप्प झाला.

आधी गुणवंतरावांना काय वेगळं घडलं तेच कळेना. नुसतं कानाला फार बरं वाटत होतं. मग ध्यानात आलं. समोरच्या बापूसाहेब सुभेदारांचा टीव्ही गप्प होता आणि गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या.

बापूसाहेबांनी उभा जन्म रेल्वेचं इंजिन चालवण्यात घालवला होता. त्यांचा टीव्ही इंजिनाला ऐकू जाईल अशाच बेताने लागे. संध्याकाळी त्यांच्या घरी बातम्या लागल्या की अख्ख्या गल्लीला स्वतःचा टीव्ही लावायची गरज उरत नसे. ऐकायला कमी येतं असं कोणी सुचवलं की ते भडकत. “मी? बहिरा? अरे, मालगाडीचं कोणतं चाक कुरकुरतंय ते मी इंजिनात बसून सांगायचो!” त्यांची बायको विभावरी डॉक्टरकडे चला म्हणून म्हणून थकली होती. आणि मागच्या दिवाळीत दोघा शेजाऱ्यांनी ओमती बाजारातल्या एकाच दुकानातून एकाच कंपनीचे टीव्ही आणले होते. त्यामुळे गुणवंतरावांच्या फोनने दोन्ही टीव्हींत भेदभाव केला नाही.

समोरून बापूसाहेबांचा आवाज आला, “विभावरी! हा मुका काहून झाला?”

गुणवंतरावांनी पुन्हा तेच बटण दाबलं. निवेदक परत किंचाळायला लागला. गुणवंतराव खिडकीखाली वाकून तोंडावर हात दाबून हसत राहिले.

“काय करून राहिले तुम्ही?” विनताने विचारलं.

“काही नाही. रिमोट शिकून राहिलो.”

त्या दिवसापासून गुणवंतरावांच्या संध्याकाळला रंग चढला. एकदम आवाज बंद करण्यात मजा नाही, हे त्यांनी लवकरच ओळखलं. ते पडद्याआड उभे राहून आवाज हळूहळू उतरवत. बापूसाहेब आधी खुर्ची पुढे ओढत. मग कानामागे हात धरत. मग स्वतःचा रिमोट उचलून आवाज वाढवत आणि समाधानाने मागे टेकत. ते टेकले की गुणवंतराव पुन्हा उतरवायला घेत. एकदा तर बापूसाहेबांची खुर्ची टीव्हीला जाऊन भिडली आणि ते निवेदकाच्या तोंडाला कान लावून बसलेले दिसले.

“अहो, लाज वाटू द्या,” विनता म्हणाली. “म्हातारा माणूस आहे तो.”

“माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे. आणि शांतता कशी वाटते, सांग ना?”

विनता भाजी निवडायला बसली. शांतता तिलाही आवडत होती.

आठवडाभराने बापूसाहेब फाटक उघडून आत आले. एरवी ते रस्त्यातूनच हाका मारत यायचे. आज मुकाट्याने येऊन सोफ्यावर बसले.

“गुणवंतराव, एक बात सांगतो. कोणाला सांगू नका.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “माझे कान गेले.”

गुणवंतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे?”

“टीव्हीचा आवाज मधूनच जातो. आधी वाटलं टीव्ही बिघडला. विभावरीला विचारलं, अगं, आवाज कमी झाला का? ती म्हणते, नाही हो, जसाच्या तसा आहे. मग बिघडलं कोण? मीच ना!” बापूसाहेबांनी डोळे पुसले. “आयुष्यभर म्हणत आलो, माझे कान पोलादी आहेत म्हणून. आता नातू फोनवर गोड बोलतो आणि मी नुसता हां बेटा, हां बेटा करतो.”

ते गेले तसा विनताने गुणवंतरावांकडे असा एक कटाक्ष टाकला की चहा कडू लागला. विभावरीवहिनींना फरक कसा जाणवला नाही, याचं गुणवंतरावांना जरा नवल वाटलं. पण अपराधी माणसाला फार विचार सुचत नाही. झालं ते निस्तरायचं त्यांनी ठरवलं. आजपासून उलट करायचं, आवाज वाढवायचा! बापूसाहेबांना वाटेल, कान परत आले.

संध्याकाळी ते पडद्यामागे उभे राहिले. बापूसाहेब टीव्हीला खेटून बसले होते. गुणवंतरावांनी आवाज वाढवायचं बटण दाबलं. काही झालं नाही. ठिपका नीट समोर धरला आणि अंगठा दाबूनच ठेवला. क्षणभराने चार पाहुणे एकाच वेळी ओरडायला लागले, खिडकीचं तावदान थरथरलं, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि बापूसाहेब खुर्चीसकट मागे कलंडले.

गुणवंतराव फोन खिशात कोंबून धावत गेले. बापूसाहेब जमिनीवर बसून डोकं धरून होते.

“लागलं का?”

“लागलं नाही. पण गुणवंतराव, हे कानाचं नाही. मघाशी काहीच नाही, आणि आता डोक्यात अख्खी मालगाडी! ही मेंदूची नस आहे. माझ्या मामांचंही असंच झालं होतं.”

विभावरी पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. ती रडते आहे असं गुणवंतरावांना वाटलं. त्यांनी खरं सांगायला तोंड उघडलं. “बापूसाहेब, अहो, खरं म्हणजे तो आवाज...”

“भाऊजी,” विभावरी मध्येच म्हणाली, “आता बोलत नका बसू. उद्या ह्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. आज स्वतःच्या तोंडाने हो म्हणाले आहेत.”

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांच्या स्कूटरवर मागे बसून बापूसाहेब शहरात निघाले. रस्ताभर ते मागून विचारत होते, “मी नसलो तर विभावरीकडे लक्ष द्याल ना?” आणि गुणवंतराव हेल्मेटमधून “काही होत नाही हो” म्हणत होते, जे बापूसाहेबांना अर्थातच ऐकू जात नव्हतं.

दवाखान्यात बापूसाहेबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बापूसाहेब बराच वेळ बटणावर बोट ठेवून शहाण्या मुलासारखे बसून राहिले. मग त्यांनी काचेतून खुणेने विचारलं, “सुरू कब करेंगे?” बाहेर डॉक्टरांची तपासणी संपत आली होती.

“मेंदूला काही झालेलं नाही,” डॉक्टर गुणवंतरावांना म्हणाले. “इनका तो पुराना मामला है. बरीच वर्षं ऐकू येत नसणार. इंजिन चालवायचे ना? इतके दिन क्या कर रहे थे आप लोग?”

गुणवंतरावांना वाटलं, डॉक्टरांच्या पाया पडावं. ते ज्या पापाखाली दबले होते, ते पाप नव्हतंच, निदान संपूर्ण नव्हतं. चार दिवसांनी बापूसाहेबांच्या दोन्ही कानांमागे बोराएवढी दोन मशीनं बसली. घरी परतताना ते स्कूटरवरून म्हणाले, “गुणवंतराव, तुमच्या स्कूटरचं मागचं चाक कुरकुरतंय.” आणि खरोखरच कुरकुरत होतं.

गल्लीत शांतता नांदू लागली. बापूसाहेबांचा टीव्ही आता जेमतेम कुजबुजे. गुणवंतरावांनी फोनमधलं ॲप फक्त स्वतःच्या टीव्हीसाठी वापरायला सुरुवात केली आणि खिडकीपाशी जाणं सोडलं.

मग एका संध्याकाळी विभावरी खोव्याची जिलबी घेऊन आली. विनताने वाट्या काढल्या. विभावरी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? वर्षानुवर्षं मी डोकं फोडून घेतलं, पण डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. तुम्ही आठ दिवसांत नेलं.”

“मी काय केलं? मी तर नुसता स्कूटर...”

“राहू द्या. आवाज कमीजास्त झाला की टीव्हीवर खाली हिरवी पट्टी येते. ह्यांना चष्मा लावायचा कंटाळा, मला दिसते ना! पहिल्याच दिवशी पाहिलं, पट्टी आपोआप सरकून राहिली आणि तुमच्या पडद्याच्या फटीत तुमचा फोन.”

विनता फसकन हसली. गुणवंतरावांनी तोंडाशी नेलेली जिलबी परत वाटीत ठेवली. “म्हणजे वहिनी, तुम्ही त्यांना म्हणालात की आवाज जसाच्या तसा आहे...”

“नाही तर कान दाखवायला कसे गेले असते?” विभावरीने शांतपणे दुसरी जिलबी उचलली. “ते खुर्चीवरून पडले तेव्हा हसू आवरता आवरत नव्हतं मला. पण आता एक अलगच मुसीबत झाली आहे.”

“काय झालं?”

“अहो, त्यांना सगळं ऐकू येतं! मी स्वयंपाकघरातून सागरला राहणाऱ्या माझ्या बहिणीशी फोनवर बोलायचे. ह्यांच्या आत्याबद्दल, ह्यांच्या बहिणीबद्दल, अगदी मोकळेपणाने. ते हॉलमध्ये बसलेले असायचे, तरी काही भीती नव्हती. काल मी बोलून राहिले आणि हॉलमधून उत्तर आलं, आत्याने तसं म्हटलंच नव्हतं!” विभावरी पुढे सरकली आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, तुमच्या त्या मोबाईलमध्ये मशीनचा आवाज कमी करायचं बटण नाही का हो सापडणार? जास्त नको. थोडंसंच.”

गुणवंतरावांनी विनताकडे पाहिलं. विनताने छताकडे पाहिलं. गुणवंतरावांचा हात नकळत फोनकडे गेला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि ॲप उघडलं.

तेवढ्यात गल्लीपलीकडच्या खिडकीतून बापूसाहेबांचा खणखणीत आवाज आला.

“गुणवंतराव, शोधू नका! ते बटण माझ्याच मोबाईलमध्ये आहे, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी घालून दिलं, आणि मी आवाज पूर्ण चढवून ठेवला आहे! आणि जिलबी संपवू नका, मी येऊन राहिलो!”