शेजारचा बंब

धुराडं साफ करायला माणूस बोलवायचा नाही, आपलं आपणच करायचं, असं मी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी ठरवलं. निर्णय तसा साधा होता. पण त्यामागे धुराड्याची काळजी नव्हती, निव्वळ जळफळाट होता. आणि त्या जळफळाटाचं नाव कॅप्टन रॉय टीग.

मी ऑरिन बेकस्ट्रँड. टॅमरॅक बेंडच्या नगरपालिकेत पाणीपट्टीचा कारकून. पण ती झाली पोटापाण्याची ओळख. खरी ओळख म्हणजे मी गावच्या अग्निशामक दलाचा कॅप्टन होतो. बिनपगारी असलो तरी कॅप्टन. दलात आम्ही तिघे. मी, लाइल फॉसम न्हावी, आणि डब प्रुइट. डबला उजव्या कानाने ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने ऐकायची इच्छा नसते. बंब एकच, आणि तो उतारावर उभा केला तरच सुरू व्हायचा. पण चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत आम्ही सगळ्यांच्या पुढे. मी बंबाच्या पायरीवर उभा राहून पोरांच्या अंगावर गोळ्या-चॉकलेटं उधळायचो आणि डार्ला, म्हणजे माझी बायको, रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवायची. आगी फारशा लागत नसत. (लागल्या त्या आम्ही पोचेपर्यंत आपणहून विझल्या. मी ह्याला आमचा दरारा समजत असे.)

मग वसंतात हबलबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आग लागली. आम्ही बंब ढकलत ढकलत पोचलो तोवर बाईंनी बागेच्या नळीने आग विझवली होती आणि आम्हाला धापा टाकताना पाहून त्यांनीच आम्हाला सरबत दिलं. पुढच्याच नगरसभेत ठराव आला, की गावाची आग ह्यापुढे शेजारच्या ड्राय फोर्क फायर डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या अग्निशामक दलाने, सांभाळावी. गावाबाहेरची गव्हाची रानं आणि विखुरलेली घरं आधीपासून त्यांच्याकडेच होती. त्यांच्याकडे बंब नवे, माणसं पगारी, आणि सगळ्यांचे दोन्ही कान शाबूत.

"आपल्या घराला आग लागली की शेजाऱ्याला हाक मारायची, ह्याला करार म्हणतात?" मी सभेत ओरडलो.

"ऑरिन," महापौरबाई म्हणाल्या, "हाकेला ओ देणारा शेजारी असेल तर बिघडलं कुठे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. (डार्लानेही वाजवल्या. मी पाहिलं.)

मी बंबाच्या ठाण्याच्या किल्ल्या दिल्या आणि त्या हातात घेतल्या ड्राय फोर्कच्या कॅप्टनने, टीगने. सहा फूट उंच, दाट मिशी, आणि आवाज असा की नुसतं "कॉफी चालेल" म्हणाला तरी वाटावं, आत्ताच कुणाचा तरी जीव वाचवून आलाय.

करारात एक कलम होतं. ड्राय फोर्कची माणसं घरोघर येऊन आगीचा धोका कुठे आहे ते बघून जाणार. आमच्याकडे टीग स्वतः आला. त्याने बैठकीच्या खोलीतल्या भिंतीतल्या शेकोटीत वाकून टॉर्च वर मारला आणि बोटाने आतली काजळी खरवडून पाहिली.

"हे धुराडं शेवटचं कधी साफ केलंय?"

"मागच्याच..." मी सुरुवात केली.

"लग्नाआधी," डार्ला म्हणाली.

"कॅप्टन, तुम्ही तर ह्यातले जाणकार," तो मला म्हणाला. (हे त्याने उपहासाने म्हटलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण नाही, मनापासून!) "आत बोटभर काजळी धरलीय. थंडीची पहिली शेकोटी पेटवण्याआधी साफ करून घ्या. हवं तर मी माणूस सुचवतो."

मग डार्लाने त्याला हकलबेरी ह्या रानफळाचा केक दिला. त्याने दोनदा मागून घेतला, आणि खाऊन झाल्यावर उठून ताटली विसळून ठेवली.

"पाहिलंस?" तो गेल्यावर डार्ला म्हणाली. "ताटली विसळली."

"मला डोळे आहेत."

"नाही, म्हटलं, सिंक कुठे असतं ते काही पुरुषांना विचारावं लागत नाही."

त्या दिवसापासून माझ्या घरात टीग न येताही राहायला लागला. रॉय म्हणतो दाराशी चपला-बूट पसरू नयेत. रॉय म्हणतो टोस्टरची वायर काढून ठेवावी. डार्ला शाळेची बस चालवते. संध्याकाळी दमून येते आणि सोफ्यावर पाय पसरून शब्दकोडं सोडवते, हा इतक्या वर्षांचा शिरस्ता. आता ती जेवण झालं की गाणं गुणगुणत बाहेर पडायला लागली. शनिवारीसुद्धा.

"कुठे निघालीस?"

"गोधडीच्या वर्गाला."

"तुला कधीपासून शिवणाची आवड?"

"माणसाने शिकत राहावं."

आठवडे गेले, गोधडी काही घरी येईना. एके दिवशी जेवताना मी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "काय, कुठवर आलीय गोधडी?"

"चाललंय," ती म्हणाली. तिचं लक्ष बटाट्यांत होतं. "खूप मोठी आहे ना. वळणावर जड जाते."

"गोधडी?"

"अं? हो. आणि मागे घेताना मागचं काही दिसत नाही."

"गोधडी मागे कशाला घ्यायची?"

"चुकलं तर मागे घ्यावीच लागते, ऑरिन," असं म्हणून तिने माझ्या ताटात आणखी एक बटाटा टाकला. मी तो गिळला. संशयासारखाच तोही घशात अडकला.

मग मी जे केलं ते कुठलाही सभ्य नवरा करेल. ठाण्यासमोरच्या चारा-बियाण्याच्या दुकानात शिरलो आणि कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यांआड उभा राहिलो. (आम्ही कोंबड्या पाळत नाही.) समोरच्या आवारात एक मोठी गाडी उभी होती. तिच्या पुढच्या खिडकीत माझी बायको, आणि तिच्या शेजारी टीग. तो हाताने कसलीशी वळणं काढून दाखवत होता आणि ती हसत होती. ती तशी हसताना मी किती वर्षांत पाहिली नव्हती! माझ्या विनोदांवर ती नाकातून नुसता श्वास सोडते.

मी घरी आलो आणि बटाटे सोलायला बसलो. विचारलं तर ती खरं सांगेल, ह्याची भीती होती.

तर असा तो शनिवार. डार्ला "गोधडी"ला गेलेली. बाहेर थंडी पडलेली. शेकोटीसमोर उभा राहून मी मनाशी म्हटलं, टीगने सुचवलेला माणूस माझ्या धुराड्याला हात लावणार नाही. माझे वडील करायचे तसं मी करीन.

वडिलांची रीत अशी. फरचं एक लहान झाड तोडायचं, त्याला वर-खाली दोर बांधायचे, एकाने छपरावरून आणि एकाने खाली शेकोटीतून ओढायचं. झाडाच्या फांद्या काजळी खरवडून काढतात. ह्याला दोन माणसं लागतात, एवढाच बारीक तपशील मी विसरलो. कुंपणालगतचं एक वाळलेलं झाड तोडून मी छपरावर नेलं आणि बुंध्याकडून धुराड्यात सोडलं. ते अर्ध्यात गेलं आणि अडकलं. वर ओढलं तर फांद्या छत्रीसारख्या उघडल्या. खालून काठीने ढोसलं तर काजळी माझ्या तोंडावर आली, झाड जागच्या जागी.

मी शेकोटीपुढे बसून विचार केला. (गावाच्या सुरक्षिततेची धुरा इतकी वर्षं ज्या डोक्यावर होती, त्याच डोक्याने.) खाली चार कागद पेटवले तर वाळकी पानं भुर्रकन जळतील, झाड बारीक होईल आणि आपोआप खाली पडेल.

पानं भुर्रकन जळली, तेवढं खरं. मग धुराडं गरजायला लागलं. मालगाडी भिंतीतून चालल्यासारखा आवाज, कपाटातल्या कपबशा थरथरायला लागल्या. अंगणात येऊन पाहतो तर धुराड्याच्या तोंडातून पुरुषभर ज्वाळा, आणि ठिणग्या आमच्या लाकडी फळ्यांच्या छपरावर पडताहेत. हे घर डार्लाच्या आईचं. डार्ला ह्याच घरात जन्मली.

मी फोन केला तो लाइलला. ड्राय फोर्कला नाही! मिरवणुकीसाठी म्हणून गावाने जुना बंब लाइलच्या हवाली केला होता.

"बंब घेऊन ये! डबलाही आण. पण त्यांना कळवू नकोस!"

मी ओली गोणी घेऊन शिडीने छपरावर चढलो आणि ठिणग्या बडवायला लागलो. एक विझवली की दोन पेटायच्या. तेवढ्यात जुना बंब खडखडत अंगणात आला. डब चालवत होता.

"डब, थांब! शिडी आहे!"

"काय?"

"शिडी!"

"शिट्टी?" म्हणत डबने भोंगा वाजवला आणि गाडी थेट शिडीवर घातली.

लाइलने उडी मारून नळीचा कप्पा उघडला. आतून नळी निघाली नाही. जुलैतल्या मिरवणुकीच्या उरलेल्या गोळ्यांची पोती निघाली.

"पाणी?" मी वरून ओरडलो.

"टाकी रिकामी आहे, लेका! आणि ह्या टेकडीवर तुमच्या नळाला धारच नाही!"

(हे मला सांगत होता. पाणीपट्टीच्या कारकुनाला.)

"आता रे?"

"आता काय! निघायच्या आधीच मी ड्राय फोर्कला फोन केलाय. मैत्री वेगळी आणि घर वेगळं, ऑरिन!"

तेवढ्यात सायरन ऐकू आला. आधी लाल बंब आला आणि त्यातून टीग उतरला. मला, अजून सांगायला लाज वाटते, क्षणभर वाटलं की घर जळालं तरी चालेल. त्याच्या मागून पाण्याचा भला थोरला टँकर आला. आमची वाट अरुंद, चढाची, वर एक वळण. मी माझी छोटी गाडी उलटी घालतानाही टपालपेटीला घासतो. त्या टँकरवाल्याने ते धूड उलटं, एका दमात, टपालपेटीला वाराही न लागू देता बरोबर भिंतीशी आणून लावलं. मी छपरावर गोणी घेऊन उभा होतो तरी मनात आलं, वा, काय चालवतो!

टँकरवाला उतरला. हेल्मेटखालून ओळखीची वेणी लोंबत होती.

"डार्ला?"

"तिथेच थांब! हलू नकोस!"

"तू... गोधडी..."

"ही बघ गोधडी!" तिने टँकरवर थाप मारली आणि नळी जोडायला वाकली.

पुढचं सगळं भराभर झालं. टीगच्या माणसांनी छपरावर पाणी मारलं, त्याने स्वतः वर येऊन धुराड्यात कसल्याशा भुकटीच्या पिशव्या सोडल्या. मालगाडी हळूहळू दूर गेली आणि थांबली. घर वाचलं. टीगने मला पाठीवरून धरून खाली उतरवलं. त्यालाही माझी हरकत असायला हवी होती, पण माझी शिडी तर डबच्या बंबाखाली होती.

सगळे नळ्या गुंडाळत असताना डार्ला माझ्याजवळ आली. तोंड घामाने भिजलेलं, कपाळावर काजळीचा पट्टा. मला ती इतकी सुंदर कधी दिसली नव्हती, आणि तिचा इतका रागही कधी आला नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? किल्ल्या दिल्यास त्या दिवशी तू जेवला नाहीस. त्यांना टँकर चालवायला माणूस हवं होतं. रॉयने मला शाळेच्या आवारात बस मागे घेताना पाहिलं आणि विचारलं. बेकस्ट्रँडच्या घरातला कॅप्टन जाऊन बेकस्ट्रँडचीच बायको बंबावर चढली, हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

"मला वाटलं, तू आणि टीग..."

 ती खो खो हसली. अगदी त्या खिडकीत हसली तशी.

"अरे खुळ्या! तो दिवसभर ब्रेकवर बोलतो. ब्रेक आणि त्याची बायको, एवढे दोनच विषय आहेत त्याच्याकडे!"

टीगवरचा माझा जळफळाट तिथेच संपला. पण जळफळाट म्हणजे भाडेकरू, एक गेला की दुसरा आलाच. कारण त्यानंतर रात्री-बेरात्री डार्लाचा पेजर वाजे, ती बूट चढवून निघे आणि मी खिडकीत उभा राही. बाजारात लोक तिला थांबवून विचारत, "काल पुलापाशी तुम्हीच होतात ना?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "पाण्याचं बिल जास्त आलंय हो."

नोव्हेंबरात ड्राय फोर्कचं वार्षिक जेवण होतं. डार्ला गणवेश घालून बंबवाल्यांच्या टेबलावर बसली. मला जागा होती ती बंबवाल्यांच्या घरच्या माणसांत. सगळ्या बायका, आणि मी. टीगच्या बायकोने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"पहिलं वर्ष जड जातं," ती माझ्या हातावर थोपटत म्हणाली. "रात्री ते निघून गेले की झोप लागत नाही. मी त्या वेळी पाव मळते."

"मी लोकर विणते," दुसरी म्हणाली. "तुम्हाला काय येतं?"

"मला बंब..." मी म्हणालो आणि थांबलो. "मला बटाटे उकडता येतात."

"अगं, पुढच्या जेवणाच्या बटाट्यांना माणूस मिळाला!" ती टेबलभर ओरडली.

आणि खरं सांगतो, त्या टेबलावर मला बरं वाटलं. रात्री खिडकीत उभं राहणारा मी एकटाच नव्हतो. मग साप्ताहिकाचा फोटोवाला आला, आम्हाला ओळीने उभं केलं. मी पोट आत घेतलं.

गुरुवारी अंक आला. फोटोखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: "ड्राय फोर्कच्या शूर जवानांच्या पत्नी", आणि नावांच्या ओळीत, "डावीकडून दुसऱ्या सौ. बेकस्ट्रँड."

मी तडक फोन केला आणि संपादकांना खडसावून सांगितलं की डावीकडून दुसरी व्यक्ती सौ. बेकस्ट्रँड नाही, हे धडधडीत चूक आहे आणि दुरुस्ती छापलीच पाहिजे. ते फार सज्जन गृहस्थ. शंभरदा माफी मागितली.

पुढच्या अंकात चौकट टाकून दुरुस्ती आली: "गेल्या अंकातील छायाचित्रात सौ. बेकस्ट्रँड या डावीकडून दुसऱ्या नसून तिसऱ्या आहेत. दुसऱ्या बाईंचे नाव कळू शकले नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत."