उष्ट्या पानांचा पारखी

पंगत उठली की माणसं हात धुवायला जातात. धोंडू बटलर पानं बघायला जायचा. गावजेवण असो, बारसं असो की कुणाचं तेरावं असो, शेवटचा माणूस उठेपर्यंत हा खांबाला टेकून थांबायचा आणि मग दोन्ही हात पाठीशी बांधून उष्ट्या पत्रावळींच्या रांगेतून सावकाश फेरी मारायचा. शाळा तपासायला येणारे आमचे साहेबसुद्धा पोरांच्या पाट्या इतक्या बारकाईने बघत नसत. मधेच एका पानापाशी थांबून विचारायचा, "हे कोणाचं?" कोणीतरी नाव सांगे. "हं. दिसतंच हाय." एवढंच बोलून पुढे. पण तेवढ्यात त्या माणसाची सगळी ऐपत ठरून गेलेली असायची, आणि ती बहुधा त्याच्या समजुतीपेक्षा बरीच खाली असायची.

धोंडूचं शास्त्र सोपं होतं. पानात टाकून उठतो तो श्रीमंत. चाटूनपुसून उठतो तो भिकारी, मग पगार काही का असेना. "पोट हमालाचं भरतं, मास्तर," तो मला सांगे, "साहेबाचं नुसतं जेवान होतं."

मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर, पगार रुपये पंचवीस. धोंडूने मुंबईत मलबार हिलवर एका गोऱ्या साहेबाकडे तीसएक वर्षं काढली. भांडी घासण्यापासून चढत चढत बटलर झाला, शेवटचा पगार साठ, शिवाय साहेबाचे जुने बूट आणि कोट. मी व्याकरण शिकवतो आणि हा टेबलावर चमचे मांडतो, आणि चमच्यांना दुपटीहून जास्त भाव! खरं सांगतो, हे मी त्याला कधी माफ केलं नाही. साहेब कायमचा विलायतेला गेला तेव्हा धोंडू दासगावच्या बंदरात लाँचीतून उतरला तो एक पेटी, चिनीमातीचं सूपचं एक मोठं भांडं आणि हे शास्त्र घेऊन. भांड्यात त्याच्या बायकोने, पारूने, दुसऱ्याच दिवशी मीठ भरलं. शास्त्राचं काय करायचं, ते मात्र गावाला कळेना.

आता श्रीमंती कशाला म्हणायचं याबद्दल आमच्या भागात मुळातच एकमत नाही. माझी सासुरवाडी महाडची. तिथे माणूस भेटला की आधी पगार विचारतात, मग नाव, आणि पगार लहान असला तर नावापर्यंत जातच नाहीत. माझ्या मते पेन्शन मिळणारा तो श्रीमंत. मला ती मिळणार होती, एवढंच त्या मताचं मूळ. पण श्रीमंती उष्ट्यावरून मोजणारा माणूस आम्ही धोंडूच्या रूपाने पहिल्यांदाच बघत होतो.

एकदा देवळाच्या भंडाऱ्याला महाडचे एक वकील आले होते. महिन्याला तीनशे रुपये सुटतात, अशी त्यांची ख्याती. वकील मनापासून जेवले. पंगत उठल्यावर धोंडू त्यांच्या पानापाशी थांबला, जरा वाकला, आणि हळहळून म्हणाला, "अरेरे. कढीसाठी भाताचा बांध घातला, आन् शेवटी बांधबी खाल्ला. गरीब हाय बिचारा." हे संध्याकाळच्या आत वकिलांच्या कानावर गेलं. पुढच्या वर्षी त्यांनी पानात दोन अख्खे लाडू ठेवले आणि उठता उठता मागे वळून त्यांच्याकडे असं बघितलं, की मलाच भरून आलं. मग काय, साथच पसरली. ज्यांच्या घरी दोन वेळ चूल पेटायची मारामार, तेही धोंडूच्या धाकाने पानात भात सोडून उठू लागले. यजमान तळतळायचे, आचारी शिव्या घालायचे. मजा होती ती फक्त गावातल्या कुत्र्यांची.

माझ्या घरी तो एकदाच जेवला. पुरणपोळीचा चतकोर, तोही तुपाने थबथबलेला, ताटात ठेवून उठला. बायको मला म्हणाली, "पुन्हा या माणसाला आणलंत, तर तुम्हीही त्याच्याबरोबर हॉटेलात जा." पोलादपुरात तेव्हा हॉटेल नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

धोंडूला एकच मुलगी, तानी. एकोणीस वर्षांची झाली तरी घरातच. बरं, स्थळं येत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. साठ रुपये पगाराच्या बटलरची एकुलती एक लेक, मुंबईहून लोक बघायला येत. एक शोफर आला. पगार नव्वद! मनगटाला घड्याळ, अंगाला अत्तर. मोटार मुंबईत ठेवून आला होता, पण चालताना हात अजून चाकावरच होते. मुलगी पसंत, हुंडा नको. दुपारी जेवायला बसला आणि सगळं मुसळ केरात. कोंबडीचा रस्सा वाटी तोंडाला लावून प्यायला, ताट भाकरीने पुसलं, पुसलेली भाकरी खाल्ली. धोंडू त्याला पार नाक्यापर्यंत पोचवून आला आणि म्हणाला, "पगार नव्वदाचा, भूक नऊशेची. नको." दुसरा आफ्रिकेत रेल्वेत कारकून होता. त्याचा पगार ऐकून सबंध आळी अंगणात जमली. त्याने हाडं फोडून आतला मगज खाल्ला. तोही गेला.

"बटलरला जावई नको, साहेब हवा," असं गाव म्हणू लागलं. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत होतो.

शेवटी पारूने कुडपणच्या एका घरची गोष्ट काढली. वर डोंगराच्या सपाटीवरचं गाव. तिथला गणू बाजाराला तूप घेऊन खाली येई. तानीने त्याला पाहिलं होतं आणि नेमकं त्याच्या बाजाराच्या दिवशीच घरातलं तूप संपत होतं, हे पारूच्या लक्षात आलं होतं. धोंडू मला म्हणाला, "चला मास्तर, तुमी शिकलेले हाव, बोलायला बरं." मी गेलो. डोंगर चढताना मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

गणूचा बाप बाळोजी. त्याने पाणी दिलं आणि लगेच आम्हाला घराच्या मागे नेलं. चार कणग्या नाचणीने भरलेल्या, गोठ्यात अठरा गुरं. पण म्हाताऱ्याचा खरा जीव होता उकिरड्यावर. वकील आपली पुस्तकांची कपाटं दाखवतो ना, त्या थाटात त्याने शेणखताचा ढीग दाखवला. "मुंबईवाल्याचा पगार या खिशातनं त्या खिशात. ह्यो बघा. गेल्या सालापास्नं हातभर उंच झाला." मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहिलो आणि ढिगाची तोंडभर स्तुती केली.

मग जेवण. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, भात, वर तुपाची धार. घरच्या बाया आत, दाराआड. नुसती बांगड्यांची किणकिण. गणू जेवला आणि त्याने ताट असं लख्ख केलं, की घासायला टाकायची गरज नव्हती. धोंडूने अर्धी भाकरी आणि तूपभात नीट एका बाजूला सारला आणि तो उठला. बाळोजी त्या ताटाकडे बघत राहिला. निरोप देताना "परत या" म्हणाला नाही. उतरताना धोंडू म्हणाला, "पोरगा चांगला हाय हो. पण ताट पुसतो."

तिसऱ्या दिवशी बाजारकऱ्याबरोबर कुडपणहून सांगावा आला. 'आमच्यात पोरीचा बाप ताटात अन्न टाकून उठला, म्हंजे त्याला सोयरीक नको. तुमी तोंडानं नाय बोललात, पण आमी समजलो. आमी दुसरीकडं बघतो.' ही रीत धोंडूला ठाऊक नव्हती आणि शिकलेल्या मास्तरांच्या कुठल्या पुस्तकात ती नव्हती. धोंडू खांदे उडवून म्हणाला, "बरं झालं, परस्पर मिटलं."

 तानीने जेवण सोडलं.

पहिल्या दिवशी धोंडू म्हणाला, "नाटकं हायत." तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत तो माझ्या दारात उभा. कोट नाही, बूट नाहीत. "मास्तर, तानी जेवत नाय. नुसत्या पाण्यावर हाय. मला नाय बघवत. चला." शाळा दुसऱ्या मास्तरांवर सोपवून मी पुन्हा तो डोंगर चढलो, आणि या खेपेला तोंडातून ब्र काढला नाही.

बाळोजी ओटीवर बसला होता. "या" म्हणाला, पण जागचा हलला नाही. "नाय म्हणून गेलात. आता काय राह्यलं?"

"मी नाय म्हटलं नव्हतं," धोंडू म्हणाला. तो अंगणातच उभा होता. "बाबा, मी बारा वर्षांचा होतो तवा साहेबाच्या बंगल्यात भांडी घासायला लागलो. टेबलावरनं काय परत येईल, ते आमचं जेवान. आधी बटलर खायचा, मग पंखेवाला, मग मी. साहेबाचं पोट बिघडलं की मी पोटभर जेवायचो. साहेब ताट पुसून उठला की मी उपाशी. थंडगार झालेलं असायचं, तरी दाराआड हुबा राहून बघायचो, आज किती टाकतो. देवाला सांगायचो, देवा, आज साहेबाला भूक देऊ नको."

म्हातारा ओटीच्या कडेला सरकला.

"माझी पोर कोणाच्या घरी जाईल तिथं ती मागनंच जेवणार ना? नवऱ्याच्या ताटात जेवणार. त्यो शोफर नव्वद कमावतो, ताटात शीत ठेवलं नाय त्यानं. आफ्रिकेवाल्यानं हाडं ठेवली नाय. तुमचा गणूबी पुसून उठला. मग ती काय खाईल, बाबा? दाराआड हुबी राहून ती काय बघील?"

मला इतकी लाज वाटली की मी मान वर केली नाही. इतकी वर्षं या माणसावर मी गावभर विनोद सांगत फिरलो होतो.

 बाळोजीने गणूकडे बघितलं, गणूने गोठ्याकडे. तेवढ्यात दार करकरलं आणि गणूची आई बाहेर आली. परक्यांसमोर ती पहिल्यांदाच येत होती. हातात झाकलेली दुरडी. ती तिने धोंडूसमोर ओटीच्या कडेवर ठेवली आणि वरचं फडकं काढलं. आत चार भाकऱ्या होत्या.

"ह्या माझ्या," ती म्हणाली. "रोज आधी माझ्या काढून ठेवते, मग पुरुषांना वाढते. तुमच्या लेकीच्याबी ठेवीन. तिलाबी शिकवीन."

"आं?" बाळोजी ताडकन उठला. "रोज? आन् मला बोलतेस, संपल्या म्हणून!"

"मग! तुमाला सांगितलं असतं, तर राह्यल्या असत्या?"

गणू फिस्सकन हसला. मी हसलो. म्हाताऱ्याने रागावून बघितलं आणि मग तोही हसायला लागला. धोंडू हसला नाही. तो ओटीपाशी आला, वाकला, आणि सगळ्यांत वरच्या भाकरीवर त्याने हळूच तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गरम हाय, मास्तर," तो म्हणाला. आणि तिथेच अंगणात बसून लहान मुलासारखा रडू लागला.