जमिनीपासून दोन इंच

तायडेभाऊ तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तर तुम्ही ‘या, बसा’ म्हणायच्या आत ते खाली वाकतात. तुम्हाला वाटतं, काय नम्र माणूस आहे! तसं काही नसतं. ते खिशातून टेप काढतात, एक टोक जमिनीला टेकवतात आणि तुमचा उंबरठा मोजतात. मग कमरेवर हात ठेवून उठतात आणि म्हणतात, “साडेसहा. आपली गाडी चढते.” त्यानंतर चपला काढून आत येतात.

मी मोताळ्याला विज्ञानाचा मास्तर म्हणून बदलून आलो, त्याला आता सात वर्षं झाली. तायडेभाऊ माझ्या शेजारचे. या सात वर्षांत त्यांनी माझा उंबरठा, माझी पलंगपेटी, आमच्या गल्लीतले तिन्ही गतिरोधक आणि एकदा बाजारात बसलेली एक म्हैस मोजली. म्हैस उठेपर्यंत थांबले आणि उठल्यावर पोटाखालून पुन्हा मोजली. “बसलेल्या जनावराची उंची खरी नसते सर,” असं वर मलाच शिकवलं.

बोलण्यातही तेच. कोणी सांगितलं, माझ्या पोरानं पुण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, की यांचा प्रश्न तयार: “जमिनीपासून किती?” कोणी फार मोठ्या गप्पा हाकल्या की म्हणणार, “जमिनीपासून बोल बे.”

भाऊ एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या हाताखालची जीप निर्लेखित झाली, लिलावात निघाली आणि ती त्यांनीच घेतली. चारही चाकं ओढणारी, जुनी, हिरवट रंगाची, दरवाजे आपल्या मर्जीनं उघडणारी. “आमी दोघं एकाच साली रिटायर झालो,” ते सांगतात. “तिले पेन्शन नाई, एवढाच फरक.”

आता या गाडीला दोन इंच उचलायचं, हा भाऊंचा ध्यास. उचलायचं म्हणजे जॅकवर नव्हे, कायमचं. त्याचं कारण रोहिणखेडच्या रस्त्याला आहे. तिथं त्यांचं चार एकर वावर आहे आणि वावराच्या अलीकडे एक नाला. नाल्याच्या मधोमध काळ्या खडकाची एक धार वर आलेली. तीन वर्षांपूर्वी कौसल्यावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कापूस वेचणीला नेताना गाडीचं पोट त्या धारेवर असं काही आदळलं की वहिनींची कंबर धरली. दोन महिने अंथरुणात होत्या. त्यानंतर डॉक्टरांनी धक्का बसेल असं काही करायचं नाही म्हणून बजावलं. बैलबंडीचं नावच काढायचं नाही, आणि नाल्याचा चढउतार पायी तर नाहीच. जन्मभर ज्या वावरात वहिनी राबल्या, तिथं त्या दिवसापासून त्यांचं पाऊल पडलं नाही.

खडक साडेआठ इंच. गाडीचं पोट जमिनीपासून सात. ओझ्यानं गाडी थोडी दबते ते धरून भाऊंचा हिशेब पक्का होता: दोन इंच पाहिजेत.

मला वाटलं, दोन इंच म्हणजे काय, चाकांवरच्या स्प्रिंगचे जाडजूड पाटे घ्यायचे आणि बसवायचे. हे मी एकदा बोललो आणि माझा रविवार गेला. भाऊंनी मला गाडीखाली झोपवून समजावलं. पाटे उंच घेतले की शॉकअप आखूड पडतात. शॉकअप लांब घेतले की ब्रेकचा पाईप ताणतो. तो लांब केला, तर मागच्या चाकाकडे जाणारा शाफ्ट तिरपा होतो आणि गाडी चाळीसच्या वर थरथरते. शिवाय याच गाडीचे जुने पाटे अरुंद, नंतरचे रुंद. “दुकानदार म्हन्ते, बसते भाऊ, साऱ्याले बसते. अरे, बसते वेगळं आन जमते वेगळं!”

हे शेवटचं वाक्य त्यांचं खास. कारण भाऊंचा दुसरा उद्योग सोयरिकी जुळवण्याचा. मोताळा ते चिखली या पट्ट्यात त्यांनी जुळवलेली लग्नं बरीच आहेत आणि एकही मोडलेलं नाही. घरात मंगल परिणयाच्या पत्रिकांचे गठ्ठे. या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर भाऊ पाट्यांचे आणि शॉकअपचे बायोडाटे लिहीत. समोरून चि. सिद्धार्थ आणि चि. सौ. कां. प्रज्ञा, मागून ‘पुढचा शॉकअप, उघडा एकवीस इंच, मिटलेला तेरा, राहणार चिखली, स्वभाव कडक.’

पार्ट पाहायला जायचं तेही रीतसर. धुतलेला शर्ट, सोबत एक जबाबदार माणूस. तो जबाबदार माणूस म्हणजे मी. चिखलीच्या दुकानात जाऊन आधी पाणी, मग चहा, मग पावसापाण्याच्या गोष्टी, आणि मग, “हां, आना बरं बाहेर.” शॉकअप बाहेर येई. भाऊ तो उभा करून बघत, आडवा करून बघत, हलकेच दाबत. कोणत्या सालच्या गाडीचा, आधी कोणत्या गाडीला लागला होता का, काढला तर काऊन काढला, सगळी चौकशी. शेवटी उठून हात जोडत: “घरी जाऊन कळवतो.”

‘कळवतो’ म्हणजे नाही, हे दुकानदारालाही पहिल्या वर्षीच समजलं होतं. तो गडी एकदा माझ्या कानात म्हणाला, “सर, एवढी चिकित्सा तं माह्या पोरीच्या वक्ती पाहुन्यायनं नाई केली.”

एकदा वैतागून मी म्हणालो, “भाऊ, गाडी कशाला उचलता? दगडच फोडून टाका ना.”

मी काहीतरी अभद्र बोललो असं तोंड त्यांनी केलं. “एकतीस साल गाडी चालवली सर. रस्त्याले हात नाई लावला. रस्ता जसा असन तशी गाडी करा लागते. रस्ता मोठा, आपन लहान.” मग आठ दिवस ते माझ्याशी तुटक वागले.

असं अजून दहा वर्षं चाललं असतं. पण यंदा दिवाळीनंतर ठरलं की गुढीपाडव्यापासून वावर मक्त्यानं द्यायचं. भाऊंनाही आता होत नव्हतं. ठरलं त्या संध्याकाळी वहिनी मला चहा देता देता भाऊंना म्हणाल्या, “मंग या साली मले एक खेप वावरात न्या. शेवटची वेचनी डोळ्यानं पाहू द्या. मंग द्या कोनाले द्याचं त्याले.”

दुसऱ्याच दिवशी भाऊ चिखलीला गेले आणि ‘कळवतो’ न म्हणता माल घेऊन आले. पाटे, चार शॉकअप, पाट्यांच्या टोकांना बसणारे रबरी बुश, ब्रेकचे लांब पाईप, शाफ्टचा तिरपेपणा मोडणाऱ्या पाचरी. बुलडाणा रोडवरच्या सलीम मिस्त्रीनं सगळं जोडून पाहिलं आणि टोपी काढली. “भाऊ, एक सूत इधर का उधर नाई. ऐसा सेट मैंने आजतक नाई देखा.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाऊंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

रविवारी सकाळी गाडी गल्लीत आली. टेप लागला. बरोब्बर दोन इंच! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सलीम छाती काढून उभा. वहिनी नवं लुगडं नेसून, डब्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. तीन वर्षांनी निघालेल्या. डाव्या हातानं दरवाज्याची दांडी धरली आणि उजवा पाय उचलला.

पाय काठाला लागला आणि खाली आला.

पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तर त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून उचलला. दोन इंच कमी पडत होते.

मी धावत घरातून स्टूल आणलं. “मी काय नवरी हाव का सर, पाटावर उभी राहाले?” वहिनी हसल्या. तरी चढून पाहिलं, तर स्टूल डगमगलं आणि भाऊंनीच ते ओढून बाजूला फेकलं. सलीम म्हणाला, “पायदान ठोकतो ना खाली.” भाऊंनी मान हलवली. पायदान खाली लोंबणार आणि नाल्यात दगडाला पहिलं तेच लागणार.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. पिशवी छातीशी धरली होती. “गाडीचं काई चुकलं नाई. माह्ये गुडघेच कामाचे नाई राह्यले. माह्याचमुळं राह्यलं.”

तेव्हा भाऊ मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, “तुह्या गुडघ्याले काऊन दोष देतं? माल चुकला. म्याच चुकीचा निवडला. सलीम, काढ सारं.”

“क्या बोल रहे भाऊ?” सलीम उडालाच. “तीन साल लगे तुमाले! एक सूत—”

“चुकला म्हन्तो ना!”

अर्ध्या इंचासाठी चिखलीच्या दुकानदाराशी दीड तास भांडणारा हा माणूस. त्याच्या तोंडून ‘चुकलं’ मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं. सलीमनं भाऊंकडं पाहिलं, वहिनींकडं पाहिलं, आणि टोपी घालत म्हणाला, “हां भाऊ. सही है. बुश गलत आया.” संध्याकाळपर्यंत गाडी होती तेवढी झाली.

त्यानंतर भाऊ रोज सकाळी डबा घेऊन पायीच गायब व्हायला लागले. दुपारी परत. विचारलं तर, “एका स्थळाचं काम हाय.” पंधरा दिवस मी गप्प बसलो. मग एका रविवारी सायकल काढली आणि सरळ रोहिणखेडचा रस्ता धरला.

नाल्याचं पाणी आटून बाजूला गेलं होतं. मधोमध भाऊ उकिडवे बसले होते. हातात छन्नी, हातोडा. दर दहा-बारा ठोक्यांनी कपची उडवायचे, फुंकर मारायचे आणि टेप लावायचे.

“एक इंच आन तीन सूत झालं,” मला बघून ते म्हणाले. जणू मी रोजच येत होतो.

“भाऊ, रस्त्याला हात लावायचा नाही म्हणत होतात ना?”

त्यांनी हातोडा खाली ठेवला. “हिचा पाय बारा इंचाच्या वर उचलत नाई सर. मंग गाडी हाय तेवढीच पाहिजे. गाडी उचलता येत नाई, हिचा पाय उचलत नाई. राह्यलं कोन? दगड.” थोडा वेळ ते टेप नुसताच उघडत-मिटत बसले. “साऱ्या दुनियेची उंची मोजली. म्हशीचीबी मोजली. हिचा पाय मोजाचा राह्यला.”

मला फार वाईट वाटलं. मी छन्नी-हातोडा उचलला आणि ठोकायला बसलो. छन्नीचा झटका कोपरापर्यंत येतो. तासाभरात माझा हात सुन्न झाला आणि भाऊंनी मोजून सांगितलं, “अर्धं सूत. मास्तर मानसाले पुष्कळ झालं.”

“वहिनींना सांगितलं का?”

“खबरदार! तिले वाटन, तिच्यापायी म्हातारा दगड फोडून राह्यला. सलीमनं बुश बदलले, असं सांगाचं.”

पुढच्याच आठवड्यात आम्ही निघालो. वहिनी दांडी धरून एका दमात चढल्या आणि पुढं बसल्या. मी मागं. भाऊंनी दोन्ही तळहातांना फडकी बांधली होती, स्टिअरिंग गरम होतं म्हणून. डिसेंबरात.

नाला आला. वहिनींनी डोळे मिटले आणि समोरची दांडी घट्ट धरली. गाडी उतरली, डोलली, चढली. पोटाखाली काही लागलं नाही. भाऊ समोर बघत म्हणाले, “बुश चांगले निंघाले.”

वावरात पांढरं फुललं होतं. गाडी थांबताच भाऊ टेप घेऊन बांधाकडं गेले. वहिनी खाली उतरल्या, पण लगेच चालल्या नाहीत. गाडीला धरून मला हळूच म्हणाल्या, “बुश म्हने! सर, जेवन झाल्यावर ह्यायचा डोळा लागते तवा हात उघडा पडते. तळहाताची सालं निंघाली. मी खोबरेल तेल लावतो आन उठाच्या आंधी पुसून टाकतो.” मग डोळ्यांना पदर लावला. “ह्यायले सांगू नका मले समजलं म्हनून.”

बांधाशी भाऊ वाकलेले होते. तिथूनच त्यांनी हाक मारली, “कौसल्या, ये! जमिनीपासून साडेनऊ! जमते!”

वहिनी गेल्या आणि त्यांनी पाय उचलला.